एकशे सतरावं हृदय

३ मार्च, सोमवार

खांद्याने अखेर दगा दिला. अठरा वर्षं बायकांच्या पोटांवर सोनोग्राफीची मूठ फिरवली, आता केस विंचरायलाही हात वर जात नाही. म्हणून मोठ्या बाईंनी (आमच्या विभागाच्या प्रमुख डॉक्टरीणबाई) डिसेंबरातच मला पेशंटमधून उठवून मोजणीच्या खोलीत बसवलं. पूर्वी ही औषधांची कोठी होती. खिडकी नाही. इथलं काहीही बाहेर बोलायचं नाही असं सही घेऊन लिहून घेतलंय आणि मला तर बोलल्याशिवाय अन्न पचत नाही. म्हणून ही वही.

काम तसं सोपं आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांचे अवयव पोटात असताना कसे वाढतात, याचा बाईंचा अभ्यास चाललाय. गर्भजल तपासून निदान पक्कं झालेली बाळं एका गटात, साधी बाळं दुसऱ्यात. साध्या गटासाठी बाहेरच्या छोट्या दवाखान्यांतूनही चित्रं येतात. सगळी मिसळून आमच्यापुढे टाकतात. नाव नाही, गट नाही, फक्त क्रमांक आणि आठवडा. आपण दोन फुल्या ठेवायच्या, यंत्र अंतर सांगतं. मांडीचं हाड, मूत्रपिंडं, यकृत, मेंदूचा पुढचा भाग आणि हृदय.

प्लायवूडच्या पलीकडे दुसरा मोजणारा बसतो. त्याचं नाव मी मिलिमीटर ठेवलंय. पोळीही मोजून खात असावा. त्याने तीच चित्रं मोजायची, पण एकमेकांचे आकडे बघायचे नाहीत. चित्र नीट आलं नसेल तर ‘अस्पष्ट’ असा शेरा मारायचा. एकाने अस्पष्ट म्हटलं की ते चित्र दुसऱ्यापुढे जातच नाही. आणि हृदयात काही वावगं दिसलं तर लाल चिठ्ठी. हृदयाचे डॉक्टर एकच, तीन हॉस्पिटलं सांभाळतात. लाल चिठ्ठी असेल तरच ते त्या बाईला बोलावून बघतात.

५ मार्च, बुधवार

संध्याकाळी धाकटी आली. तिसावा आठवडा संपत आला, तरी जिने चढून आली. रागावले तर म्हणाली, “ताई, नवरा लिफ्ट दुरुस्त करतो म्हणून मी काय लिफ्टमध्येच राहू?” दिवसभर बसस्टँडच्या चौकशी खिडकीत बसून लोकांना उत्तरं देते, त्यामुळे हिच्या जिभेला विसावा नाही.

बाळंतपणाला सासरी जाणार. एकवीस तारखेची बस, आठ तासांचा प्रवास. सासू तिथल्या छोट्या प्रसूतिगृहात नर्स आहे. मी म्हटलं, मी एवढी मोठ्या हॉस्पिटलात आहे, मग तिकडे कशाला? तर म्हणे, “तिथे मला कुणी ओळखत नाही, बरं वाटतं.” हे काय कारण झालं? आई गेली तेव्हा ही नऊ वर्षांची होती. वेण्या मी घातल्या, शाळा मी निवडली, नोकरीचा अर्जसुद्धा मीच भरला. आता बाळंतपणात माझी अडचण होते म्हणे. तोंडावर म्हणाली नाही, पण मला कळतं.

जाताना विचारलं, “तुझी सुट्टी अजून गुरुवारीच ना?” हल्ली दर वेळी विचारते. भेटायला यायचं मनात असेल म्हणून मी दोन गुरुवार वाट बघितली. आली नाही.

८ मार्च, शनिवार

कुणाला न सांगता मी एक खेळ खेळते. मोजून झालं की मनात गट ठरवते. हा पहिला, हा दुसरा. मांडीचं हाड थोडं आखूड, नाकाचं हाड बारीक, मेंदूचा पुढचा भाग जरा चपटा. एकेकट्याने काही ठरत नाही, साध्या बाळांतही असतं. पण चार गोष्टी एकत्र आल्या की माझा डोळा सहसा चुकत नाही. खरं काय ते बाई कधीच सांगणार नाहीत, म्हणजे मी कायमच जिंकलेली.

खेळ म्हणतेय खरी. त्या प्रत्येक आकड्यामागे एक बाई आहे, हे दुपारच्या चहानंतर माझ्या लक्षात राहत नाही.

१० मार्च, सोमवार

उभ्याउभ्याच लिहितेय. अक्षर असंच येईल.

११७, तिसावा आठवडा. मांडीच्या हाडाच्या चित्रात कडेला गर्भाशयाची भिंत आली होती. त्या भिंतीवर दोन गाठी, एक मोठी, एक लहान, मध्ये बारीक दांडी. दोन वर्षांपूर्वी धाकटीच्या पोटात दुखत होतं तेव्हा मीच तिची सोनोग्राफी केली होती. “तुझ्या पोटात कुणीतरी चष्मा विसरून गेलंय,” असं म्हणून तिला हसवलं होतं. निरुपद्रवी गाठी आहेत, राहू देत, असं डॉक्टर म्हणाले. तो चष्मा मी हजारांत ओळखेन.

तिच्या गल्लीतल्या डॉक्टरने साध्या गटासाठी चित्रं पाठवली असणार. तिला बिचारीला पत्ताही नसेल.

फुल्या ठेवल्या. हाड आखूड. मागचे दोन महिने काढून बघितले, तेव्हाही आखूडच, आणि मी तेव्हा मजेत ‘पहिला गट’ म्हणून पुढे गेले होते. नाक. मेंदू. सगळं एका बाजूला झुकलेलं. मांडीच्या हाडावरची फुली मी अर्धा मिलिमीटर बाहेर सरकवली. आकडा बरा दिसायला लागला. मग माझीच मला लाज वाटली आणि ती परत आत आणली.

मग हृदय. चार कप्पे असतात, मध्ये भिंतींची चौकट. चौकटीच्या ऐन मधोमध भिंत नाही. मोकळी जागा आहे. मागच्या दोन महिन्यांत तिथे बरगडीची सावली होती, म्हणून दिसलं नव्हतं. तीन वेळा बघितलं. चित्र आरशासारखं स्वच्छ होतं.

लाल चिठ्ठ्यांचं पुस्तक हाताशी होतं. लिहिली असती तर उद्या कुणीतरी परकी बाई धाकटीला फोन करून म्हणाली असती, या, बाळाचं हृदय बघायचंय. आणि मग एकातून एक सगळंच बाहेर आलं असतं. फोनवर. बसस्टँडच्या त्या खिडकीत, समोर रांग असताना.

मी ‘अस्पष्ट’ असा शेरा मारला. पुढच्या चित्रावर गेले.

११ मार्च, मंगळवार

मी तिच्या भल्याचंच केलं. सावकाश, जवळ बसवून मीच सांगेन. आधी स्वतःची तयारी करायला हवी. दोन दिवसांनी काही आभाळ कोसळत नाही.

असं सकाळपासून स्वतःला सांगतेय. मिलिमीटर पलीकडे खोकला तरी दचकते.

१३ मार्च, गुरुवार

सांगायचं ठरवून तिच्या घरी गेले. कुलूप. जिन्यात लिफ्टवाला भेटला (धाकटीचा नवरा, सज्जन आहे, पण बोलताना शब्द उसने आणल्यासारखा बोलतो). म्हणाला, “ती... कामाला गेलीये. म्हणजे, कागद आणायला.” कसले कागद ते त्यालाच ठाऊक.

तासाभराने आली, दमलेली. मला दारात बघून चेहरा उतरला. मी चहा केला, तिचं स्वयंपाकघर आवरलं, सगळं केलं, सांगायचं तेवढं राहिलं. तीच म्हणाली,

“ताई, तुमच्या त्या कोंदट खोलीत मोजणारे किती जण असतात?”

“दोघं. का गं?”

“दोघंही नीट मोजतात ना?”

“मी नीट मोजते. त्याचं त्याला माहीत.”

हसली. मग म्हणाली, “आणि एखादं चित्र अस्पष्ट येतं, म्हणजे त्यात काही वाईट दडलेलं असतं का?”

मी कपबशी खाली ठेवली. मोबाइलवर दिवसभर काहीबाही वाचत बसते, त्यातलं असणार. मी म्हटलं, “छे, बाळ हलतं, म्हणून होतं तसं. काही नसतं.”

“खात्री?”

“अठरा वर्षं काढलीत मी त्यात.”

तिने डोकं मागे टेकलं आणि डोळे मिटले. खरंच किती हायसं वाटलं होतं तिला. त्यानंतर माझ्याने सांगवलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

चहाच्या टेबलावर मिलिमीटर म्हणाला, “बाई, तुमचं अस्पष्ट महिन्यातून एखादं असतं. माझी चार-पाच असतात. सोमवारचं ११७चं हृदय माझ्यापर्यंत आलंच नाही, त्याला काय झालं होतं?”

“बाळ हललं.”

“बाळ हलणारच. त्याला काय कुणी स्टुलावर बसवलंय?”

मी हसले. तो हसला नाही. बिस्किटाचा चुरा बोटाने गोळा करत राहिला.

१६ मार्च, रविवार

सामान बांधायला धाकटीकडे गेले. बसायला जागा नव्हती, कारण शेजारच्या काकूंची मुलगी पलंगावर ऐसपैस बसून बाळाच्या झबल्यांच्या घड्या घालत होती. पंचवीस-सव्वीसची असेल, डाउन सिंड्रोम. स्टेशनरीच्या दुकानात पाकिटं भरते, म्हणून तिला सगळे पाकीटवाली म्हणतात. हात असा चालतो की माझ्या तीन झबल्यांत तिची दहा. वर मला म्हणाली, “तुमच्या घडीला कोपरा नाही. उघडा आणि परत घाला.” घातली.

मी तिच्याकडे बघत होते, खरं म्हणजे मोजत होते. नाक, बोटं, मानेचा मागचा भाग. डोळ्याला खोडच लागलीये.

ती गेल्यावर मी म्हटलं, “काकूंनी अख्खं आयुष्य घातलं गं या पोरीमागे. त्यांच्या जागी मी असते तर वेड लागलं असतं मला.” धाकटी झबली पिशवीत भरत होती, भरतच राहिली. लिफ्टवाला उठून गॅलरीत गेला. मला वाटलं, हिला थकवा आलाय. काकूंकडे ही रोज दुपारी का जाऊन बसते, ते मात्र कळत नाही. काय बोलता म्हणून विचारलं तर म्हणाली, “काही नाही. ती लहान असताना काकू काय काय करायच्या, ते विचारते.” दयाळू आहे माझी बहीण. आणि या दयाळू जिवाला मी हे सांगायचं.

खरं लिहायचं तर मला तिच्या रडण्याची भीती वाटत नाही. आजवर तिचं प्रत्येक दुखणं मी निस्तरलंय, हे निस्तरता येणार नाही, त्याची भीती वाटते.

१८ मार्च, मंगळवार

मिलिमीटर जेवायला गेल्यावर ११७ उघडायचा प्रयत्न केला. उघडत नाही. अस्पष्ट म्हटलं की चित्राला कुलूप लागतं, ते फक्त बाई काढू शकतात. म्हणजे बाईंकडे जायचं, ओळखलं म्हणून सांगायचं, ओळखूनही बसून राहिले ते सांगायचं, स्वच्छ चित्राला अस्पष्ट म्हटलं तेही सांगायचं. एकवीसला ती बसमध्ये बसेल. तिथल्या प्रसूतिगृहात बाळाला तपासायला डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतो. जन्मल्याजन्मल्या बाळ निळं पडलं तर सासूबाई काय करणार?

आज या खोलीत श्वास कोंडला. दार उघडं ठेवून बसले तर शिपाई म्हणाला, बाई, दार बंद ठेवायचा नियम आहे.

१९ मार्च, बुधवार

बाईंच्या दारापर्यंत तीनदा गेले. पहिल्यांदा त्या फोनवर होत्या. दुसऱ्यांदा आत कुणी नव्हतं, तरी परत फिरले. तिसऱ्यांदा त्यांनीच विचारलं, “काय हो, खांदा कसा आहे?” मी म्हटलं, “बरा आहे.”

मी भित्री आहे. हे आधी कधी माहीत नव्हतं.

२० मार्च, गुरुवार

सकाळी आठलाच तिच्या दारात उभी राहिले, म्हणजे कुठे निसटायला नको. ती बाहेर पडायच्या तयारीतच होती. बस, म्हटलं. नवऱ्यालाही बसवलं. रात्रभर जुळवलेली वाक्यं एकदम विसरले.

“तुझ्या बाळाला डाउन सिंड्रोम असावा, असं मला वाटतंय,” मी म्हणाले. “चित्र माझ्यापुढे आलं होतं. मी ओळखलं.”

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. रडारड नाही, काही नाही. ती म्हणाली, “असावा नाही, ताई. आहे. सतराव्या आठवड्यात पाणी तपासलं. आम्हाला माहीत आहे.”

मग तिने बाकीचंही सांगितलं. पहिल्या गटात ती स्वतःहून नाव घालून आली होती, माझ्याच हॉस्पिटलात, दर महिन्याला, मी नसते त्या गुरुवारी. लग्नानंतर आडनाव बदललेलं, त्यामुळे बाईंनाही नातं कळलं नाही.

“मला का नाही सांगितलंस?”

“कारण तू ठरवून टाकलं असतंस.” आवाज चढवला नाही. चौकशी खिडकीत बोलते तशीच बोलली. “ठेवायचं की नाही, कुठे जायचं, कुणाला सांगायचं. सगळं चांगलंच ठरवलं असतंस. मला एकदा तरी माझं मला ठरवायचं होतं. जन्मल्यावर सांगणार होते. मग तुला त्याला हातात घ्यावंच लागलं असतं.”

मला रविवारचं माझं बोलणं ऐकू आलं. पाकीटवालीबद्दलचं. कुठे तोंड लपवू असं झालं.

“आणि चित्रावर नाव नसतं, हे तूच सांगितलं होतंस,” ती म्हणाली. “मला वाटायचं, तिला माहीत नाही, पण मोजतेय ताईच. मग मी निवांत असायचे. बाकी सगळं ठीक आहे ताई. अशा मुलांच्या हृदयाचीच काळजी असते, पण बाई म्हणाल्या, दोन महिन्यांत काही आढळलं नाही, या महिन्याचं फक्त अस्पष्ट आलंय. म्हणून तर तुला विचारलं. तू म्हणालीस, काही नसतं. मग मी तिकीट पक्कं केलं.”

मला उठून पळून जावंसं वाटलं. जे तिला तीन महिने माहीत होतं त्यापासून मी तिला दहा दिवस जपत होते. आणि जे तिला माहीत नव्हतं, ते एकच माझ्याजवळ होतं.

मी सांगितलं. चौकट, मोकळी जागा, स्वच्छ चित्र, माझा शेरा. सगळं. लिफ्टवाल्याने पहिल्यांदा एक अख्खं वाक्य उच्चारलं: “तुम्ही दहा दिवस हे घेऊन आमच्याकडे चहा पीत होतात?”

धाकटी त्याला गप्प करेल असं वाटलं. तिने केलं नाही. बॅग उघडून तिकिटं काढली, त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, “रद्द कर.” मग माझ्याकडे वळली. “बाई आज असतात ना? चल. माझ्यासमोर लिही.”

२१ मार्च, शुक्रवार

काल लाल चिठ्ठी लिहिली. बाईंनी कुलूप काढलं, चित्र दोनदा मोठं करून बघितलं. धाकटीला म्हणाल्या, “हे जन्माआधी कळलं हे चांगलं झालं. बाळंतपण इथेच, हृदयाच्या डॉक्टरांच्या हाताशी. शस्त्रक्रिया लागेल बहुतेक, काही महिन्यांनी. अशी पुष्कळ बाळं त्यातून नीट पार पडतात.” तिला बाहेर बसवून मग माझ्याशी बोलल्या. “ओळखलंत तेव्हाच खुर्चीवरून उठायचं होतं. एवढंच करायचं होतं तुम्हाला.”

आजपासून मी मोजणीत नाही. माझी सगळी चित्रं कुणीतरी पुन्हा मोजणार. टेबल रिकामं करत होते तेव्हा मिलिमीटर प्लायवूडच्या या बाजूला आला, पहिल्यांदाच. माझा डबा उचलून दिला आणि म्हणाला, “मी तेव्हाच जोरात विचारायला हवं होतं.” मी म्हटलं, “मी तेव्हाही खोटंच बोलले असते.” त्याने मान डोलावली. माणूस काटेकोर आहे.

२६ मार्च, बुधवार

आज हृदयाच्या डॉक्टरांची तपासणी. लिफ्टवाल्याला कामावरून सुट्टी मिळेना, म्हणून धाकटीनेच फोन केला. “येतेस का? पिशवी धरायला कुणीतरी हवं.” एवढंच बोलली.

बाहेर तिचं नाव पुकारलं तशी मीही उठले. अठरा वर्षं मी त्या दारातून आत जातेय, पाय आपोआप निघाले. ती वळली आणि माझ्या दंडावर हात ठेवला. “तू बाहेर बस, ताई.”

बसले. बाकावर अशीच कितीतरी माणसं बसवून मी दार लावून घेतलंय. आतल्या यंत्राची घरघर बाहेर येते, मधूनच डॉक्टर काहीतरी बोलतात, शब्द कळत नाहीत. मूठ कुठे असेल, पडद्यावर काय आलं असेल, आत्ता फुली ठेवली असेल, या आवाजावरून मी अंदाज बांधायला लागले. मग तोही सोडून दिला. समोरची भिंत हिरवट आहे, खालचा रंग उडालाय. हे मला कधी माहीत नव्हतं. पाऊण तास झाला. कुणी बाहेर येऊन मला काही सांगितलं नाही. का सांगावं?

ती बाहेर आली. डोळे लाल होते, पण चाल नेहमीची. कोपऱ्यातल्या नळावर जाऊन दोन ग्लास पाणी प्यायली. मी पिशवी खांद्याला अडकवली, दुखऱ्याच.

“काय म्हणाले?” तोंडापर्यंत आलं होतं.

“घरी गेल्यावर आधी ह्यांना सांगेन,” ती म्हणाली. “मग तुला.”

आम्ही जिना उतरलो. ती पुढे, कठडा धरून, एकेक पायरी. मी दोन पायऱ्या मागे.